सत्तावन सालचे रिव्हॉल्व्हर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

इतिहासाच्या मास्तराकडे लोक काय काय घेऊन येतात, याची एक यादीच मी करून ठेवली आहे. मोडी कागद, तांब्याची नाणी, पितळी अडकित्ते, क्वचित एखादा ताम्रपट म्हणून आणलेला गंजका पत्रा. आपला वाशीम भागच तसा आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, म्हणजे जुने वत्सगुल्म, इथे होती. त्यामुळे शेतात नांगराला लागलेली प्रत्येक वीट वाकाटकांची आणि माळ्यावरची प्रत्येक तलवार भोसल्यांच्या दिवाणाची, असे आपण सहज धरून चालतो. पण कोणी रिव्हॉल्व्हर पाहायला बोलावेल असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

बोलावणारे कारंज्याकडचे एक कापूस व्यापारी. जुन्या वस्तूंचे शौकीन, आणि शस्त्राचा परवाना असलेले. विकणारे घराणे रिसोडकडच्या एका गावातले, जुन्या देशमुखीतले. आजोबा वारल्यावर कायद्याप्रमाणे त्यांचे शस्त्र एका परवानाधारक बंदूक विक्रेत्याकडे जमा झाले होते. नातवाला मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती आणि घरात कोणालाच हत्याराची हौस उरलेली नव्हती. दुकानात भेट झाली तेव्हा नातू म्हणाला, "सर, हे आमच्या आज्याच्या बापानं हिंगोलीच्या साहेबापासून घेतलं होतं. सत्तावनच्या गदरातलं हाय. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या न."

आता हे 'फक्त एवढं' म्हणजेच सगळे होते. व्यापारी सत्तावन सालासाठी चढी किंमत द्यायला तयार होते. नातवाचा भाव त्या दोन आकड्यांवर टांगलेला होता. आणि मधे मी.

गोष्ट अगदीच हवेतली नव्हती, हे आधी सांगतो. हिंगोली वाशीमच्या शेजारची. तिथे निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. शिपाई इथले, अधिकारी इंग्रज. या फौजेचा पगार थकला म्हणून १८५३ च्या तहात निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी भरलेला शेतसारा ज्या फौजेसाठी लावून दिला होता, तिचीच ही छावणी. १८५७ च्या जूनमध्ये याच फौजेच्या घोडदळाची एक तुकडी त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बिथरली होती. उलट याच फौजेच्या दुसऱ्या तुकड्या पुढच्या वर्षी सर ह्यू रोजबरोबर झाशीवर चालून गेल्या. तेव्हा हिंगोलीच्या एखाद्या साहेबाचे रिव्हॉल्व्हर एखाद्या देशमुखाच्या वाड्यात यावे, यात अशक्य असे काही नाही.

पण शक्य असणे वेगळे आणि घडलेले असणे वेगळे. सत्तावन साली साहेबाच्या कमरेला असायचे ते रिव्हॉल्व्हर कसे होते, हे आधी पाहिले पाहिजे. त्या काळी इंग्रज अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने विकत घेत. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये फिरत्या चकरीच्या हत्याराचे पेटंट घेतले होते. १८५१ साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे कोल्टचा माल मांडला होता, आणि त्याला टक्कर द्यायला इंग्रज कारागीर रॉबर्ट ॲडम्सचे पाच बारांचे रिव्हॉल्व्हरही होते. कोल्टचा घोडा प्रत्येक बाराला अंगठ्याने ओढावा लागे, तर ॲडम्सचा चाप दाबला की घोडा आपणच उठे आणि पडे. पुढे बोमाँट नावाच्या अधिकाऱ्याने ॲडम्सच्या रचनेत अशी सुधारणा केली, की दोन्ही रीती एकाच हत्यारात जमल्या. १८५६ मध्ये ब्रिटिश लष्कराने ते स्वीकारले.

ही सगळी हत्यारे ठासणीची. चकरीच्या प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी लावायची. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीचेच हे चुलत भावंड. धातूचे अखंड काडतूस वापरणारे स्मिथ ॲन्ड वेसनचे पहिले लहानसे रिव्हॉल्व्हर निघाले १८५७ च्या अखेरीस, तेही अमेरिकेत. आणि नळी पुढे झुकवून रिकामी काडतुसे एका झटक्यात बाहेर टाकणारी सोय त्याच कंपनीने १८७० मध्ये बाजारात आणली.

विक्रेत्याने कपाटातून कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. आधी नळी जमिनीकडे ठेवून खटका दाबला, हत्यार मधून मोडले, सहाही घरे रिकामी असल्याचे आम्हा तिघांना दाखवले आणि मगच माझ्या हातात दिले. हत्यार मधून मोडले त्याच क्षणी खरे तर माझे काम संपले होते. सत्तावन सालचे रिव्हॉल्व्हर असे मोडत नाही. पण नातवाच्या तोंडाकडे पाहून मी लगेच बोललो नाही. वस्तूने स्वतःविषयी आणखी काही सांगितले तर ऐकून घ्यावे, असे ठरवले.

जुने हत्यार हा एक दस्तऐवजच असतो. फक्त तो कागदावर न लिहिता पोलादावर ठोकलेला असतो. इंग्लंडमध्ये बनलेली बंदूक विकण्यापूर्वी सरकारमान्य तपासणीगृहात जास्तीच्या दारूचा बार भरून उडवून पाहतात. नळी फुटली नाही, तरच तिच्यावर ठसा उठतो. लंडनच्या बंदूककार मंडळाची सनद १६३७ ची, तर बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ चे. बर्मिंगहॅमचा जुना ठसा म्हणजे एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि मुकुट. १९०४ मध्ये ही पद्धत बदलली. मग मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' अशी इंग्रजी अक्षरे आली आणि नव्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्या हत्यारावर 'एनपी' ही अक्षरे उमटू लागली. हा शेवटचा ठसा नुसत्या हौशी संग्राहकाच्या कामाचा नाही. काळ्या दारूसाठी बनवलेल्या नळीत आजचे काडतूस घातले तर हातात काय उरेल, हे सांगता येत नाही.

भिंगाखाली आमच्या रिव्हॉल्व्हरवर मुकुट दिसला आणि त्याखाली 'एनपी'. म्हणजे १९०४ च्या अलीकडचे. वरच्या पट्टीवर कंपनीचे नाव होते, 'वेब्ली ॲन्ड स्कॉट लिमिटेड'. बर्मिंगहॅमची वेब्ली ही कंपनी १८९७ मध्ये स्कॉटबरोबर एक झाली. तेव्हाचे तिचे नाव लांबलचक होते, त्यात रिव्हॉल्व्हर हा शब्दही होता. 'वेब्ली ॲन्ड स्कॉट लिमिटेड' एवढे सुटसुटीत नाव आले १९०६ मध्ये. म्हणजे हे हत्यार बनले, तेव्हा झाशीच्या राणीला जाऊन निदान अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. हिंगोलीची फौजसुद्धा १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळून गेली होती. साहेब गेला आणि मग त्याचे रिव्हॉल्व्हर आले, असा हा हिशेब.

मी नातवाला तसे सांगितले. तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे खोटं निघालं का सर?"

खोटे काहीच नव्हते. रिव्हॉल्व्हर अस्सल होते, फक्त गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी त्याला येऊन चिकटली होती. खरे नकली कसे असते, ते विक्रेत्याने त्याला समजावले. बेल्जियममधल्या लिएज शहरात वेब्लीच्या हुबेहूब नकला ढिगाने बनत. त्यांच्यावर लंबगोलात 'ईएलजी' असा तिथल्या तपासणीगृहाचा ठसा असतो. खैबरखिंडीकडच्या दर्रा आदमखेलमध्ये कारागीर कानशीने वेब्ली घडवत. तिथे इंग्रजी न येणारा कारागीर अक्षरे चित्रासारखी कोरतो. मग स्पेलिंग चुकते, 'एन' उलटा पडतो, मुकुट टोपलीसारखा दिसतो. आपल्याकडेही गावठी हत्यारावर विलायती नाव ठोकणारे आहेत. म्हणून नाव वाचून थांबायचे नाही, अक्षरांची धार पाहायची. कारखान्यातल्या ठशाच्या कडा तीक्ष्ण आणि खोली सारखी असते.

धारेवरूनच आणखी एक गोष्ट उघड झाली. या रिव्हॉल्व्हरला चांदीसारखी चकाकी होती आणि घरच्यांना तिचा मोठा अभिमान. विक्रेत्याने नळीवर बोट फिरवले आणि मान हलवली. अक्षरांच्या कडा गोलसर झाल्या होत्या आणि चकाकीखाली बारीक खळगे होते. म्हणजे कधी तरी गंज चढला, कोणी तरी तो घासून काढला आणि वरून निकेलचा मुलामा दिला. आपल्याला चकचकीत वस्तू नवी वाटते. जाणकार मात्र मूळचा काळपट निळा रंग, जागोजाग उडालेला का असेना, तोच मोलाचा मानतो. घासलेल्या हत्याराची किंमत संग्राहकाच्या बाजारात धाडकन खाली येते. वाड्याच्या लाकडी खांबांना ऑइलपेंट फासण्याची आपली खोड आहे ना, तसाच हा प्रकार.

पुढची तपासणी विक्रेत्यानेच केली. मी पाहत राहिलो. त्याने कोरा पांढरा कागद दुमडून मोडलेल्या हत्याराच्या नळीमागे धरला आणि उजेड आत पाडून पुढून पाहिले. नळीतले आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणारे पेच, शाबूत होते. मध्यावर थोडे काळे डाग होते, पण नळी फुगलेली नव्हती. मग हत्यार बंद करून एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने नळी धरून हलकेच हलवली. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे वय बिजागरीत कळते. म्हाताऱ्या माणसाचे गुडघ्यात कळते तसे. किंचित खुळखुळ होती, पण वरची कडी घट्ट बसत होती. नंतर रिकामा घोडा अंगठ्याने ओढला, चाप दाबून धरला, घोडा अंगठ्यानेच सावकाश खाली आणला आणि चकरी हलते का पाहिले. चकरीचे घर नळीसमोर नेमके येऊन थांबले नाही, तर गोळी कडेला घासते आणि शिशाचे तुकडे उडतात. सहाही घरे त्याने अशी एकेक करून पाहिली. व्यापाऱ्यांनी 'एकदा खटका वाजवून पाहू' म्हटले, तर त्याने हात आडवा घातला. जुन्या घोड्याचे टोक रिकाम्या घरावर आपटून तुटू शकते आणि तो तुकडा आता मिळत नाही.

शेवटी त्याने स्क्रूंची डोकी पाहिली. सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत चुगलखोर खूण ही. एका स्क्रूची खाच कुरतडलेली होती, म्हणजे कोणी तरी घरच्या पेचकसाने हत्यार उघडून बसले होते.

आजोबांच्या परवान्यावरची काडतुसेही जमा होती. बारा-पंधरा असतील, त्यावर हिरवट बुरशी धरलेली. ती वापरायची नाहीत, हे विक्रेत्याने निक्षून सांगितले. काडतुसाचा विषय निघाला, की मला उधमसिंग आठवतात. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी मायकेल ओड्वायरला गोळ्या घातल्या. त्या वेळी आणखी तिघे जखमी झाले, पण वाचले. उधमसिंगांच्या हातातले स्मिथ ॲन्ड वेसन मोठ्या बोअरचे होते आणि काडतुसे जुनी व त्या नळीला लहान पडणारी होती. बोअरमधला तो केसाएवढा फरक किती जणांच्या आयुष्यात आडवा आला पाहा.

इथपर्यंत सगळे पोलादाचे झाले. माझ्या मते खरी परीक्षा कागदांची असते आणि ती पहिल्यांदा व्हायला हवी. आम्ही उलट्या क्रमाने गेलो, कारण हत्यार पाहायचा मोह कोणालाच आवरला नाही.

आजोबांच्या जुन्या परवान्यात रिव्हॉल्व्हरचा क्रमांक होता. तो हत्यारावरच्या क्रमांकाशी जुळवला, तर शेवटचा आकडा वेगळा. परवान्यात ३, सांगाड्यावर ८. व्यापारी खुर्चीतून उठलेच. आणि त्यांचे बरोबर होते. क्रमांक जुळत नसेल, तर कायद्याच्या नजरेत ते दुसरेच शस्त्र ठरते आणि त्या दुसऱ्या शस्त्राला परवानाच नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे कैद अशी आहे. निषिद्ध प्रकारचे असेल तर किमान सात वर्षे. जुने आहे, आजोबांचे आहे, ही सबब तिथे चालत नाही.

क्रमांकाची महती सांगणारे एक अलीकडचे उदाहरण सांगतो. भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल, १९२८ च्या डिसेंबरात लाहोरला साँडर्सवर चाललेले, कित्येक वर्षे कुठे आहे ते कोणाला ठाऊक नव्हते. ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण शाळेच्या संग्रहालयात इतर पिस्तुलांमध्ये पडून होते. शोध घेणाऱ्यांच्या हाती जुन्या नोंदींतला क्रमांक होता, १६८८९६. २०१६ च्या सुमारास तिथल्या पिस्तुलांवरचा काळा रंग खरवडला गेला आणि एकावर तोच क्रमांक निघाला. पुढे २०१७ मध्ये ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात गेले. त्या सहा आकड्यांवाचून ते एक जुने कोल्ट होते. लाखोंनी बनलेल्यांपैकी एक.

आमच्या ३ आणि ८ चा उलगडा मात्र मास्तराच्या कामाचाच निघाला. नातवाने घरून आजोबांच्या कागदांचे गाठोडे आणले. त्यात १९३८ चा सर्वांत जुना परवाना सापडला. त्यावर स्वच्छ ८. चकरीवर ठोकलेल्या क्रमांकातही ८. पुढे कधी तरी जुने पुस्तक भरले आणि नव्यात नोंदी उतरवल्या गेल्या. त्या वेळी कोणा कारकुनाने ८ चा ३ केला आणि नंतरच्या प्रत्येक नूतनीकरणात तोच ३ उतरत गेला. पोथ्यांच्या नकलांत असेच होते. पहिल्या लेखकाची चूक दहाव्यापर्यंत इमानाने पोचते. नोंद दुरुस्त करून घ्यायला अर्ज करावा लागला आणि तोवर व्यवहार थांबला.

या निमित्ताने दोन गैरसमज सांगून टाकतो, कारण ते वऱ्हाडात घरोघर आहेत. एक म्हणजे शंभर वर्षे झाली की हत्याराला परवाना लागत नाही. हे खरे नाही. शंभर वर्षांची अट आहे ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात. तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हा तिचा अर्थ. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती जुनाट बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला, आणि तीही दुरुस्ती करून वा न करता ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येणारच नसेल तर. आमचे रिव्हॉल्व्हर चालू होते. त्याला सूट कसली?

दुसरा गैरसमज असा, की आपल्याकडे परवाना आहे म्हणजे कोणतेही रिव्हॉल्व्हर घेता येते. आपल्याकडे ४५५ आणि ३८ बोअरची रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. पहिल्या महायुद्धातले प्रसिद्ध मोठे वेब्ली ४५५ बोअरचे. ते कितीही देखणे असो, जिल्ह्याच्या साध्या परवान्यावर घेता येत नाही. आमच्या नातवाचे नशीब इथे उघडले. त्याचे हत्यार निघाले ३२ बोअरचे, म्हणजे साध्या परवान्यात बसणारे. परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी जवळजवळ बंद आहे. त्यामुळे चालू स्थितीतल्या ३२ बोअरच्या विलायती वेब्लीला आपल्या देशात जी मागणी आहे, ती इंग्लंडातही नसेल. सत्तावन सालचे ठासणीचे ॲडम्स असते, तर ते एखाद्या संग्राहकाने कौतुकाने घेतले असते, पण असा संग्राहक शोधण्यात फीची तारीख निघून गेली असती. मुलाम्यासाठी आणि कुरतडलेल्या स्क्रूसाठी व्यापाऱ्यांनी भाव पाडला, तो रास्तच होता. तरी जो ठरला तो नातवाच्या अपेक्षेपेक्षा फार खाली नव्हता.

व्यापाऱ्यांकडे आधीच एक बारा बोअरची बंदूक होती. २०१९ पासून एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा त्यांची एकच जागा शिल्लक होती आणि ती त्यांनी या वेब्लीला दिली. खासगी माणसाने दुसऱ्याला शस्त्र विकायचे, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. इथे शस्त्र विक्रेत्याकडे जमा आणि मूळ परवानाधारक हयात नाहीत, त्यामुळे वारसाचे कागदही जोडावे लागले. सगळे उरकायला एक हंगाम गेला.

मी लिहून दिले ते एवढेच: बर्मिंगहॅमचे, वेब्ली ॲन्ड स्कॉट, १९०६ किंवा त्यानंतरचे, १९३८ पासून या घराण्याच्या परवान्यावर. हिंगोलीचा उल्लेख केला नाही.

नातू तो कागद घेऊन घरी गेला, तेव्हा मीही बरोबर होतो. त्याच्या आजीने तो वाचून घेतला आणि विचारले, मग हिंगोलीचा साहेब कोण? मी म्हटले, आजीबाई, साहेब असेलही, पण त्याचे हे हत्यार नव्हे. त्यांनी आतून रिव्हॉल्व्हरचे चामडी म्यान आणले. तेल पिऊन काळे पडलेले. झाकणाच्या आतल्या बाजूला पुसट ठसा होता: आर्मी ॲन्ड नेव्ही स्टोअर्स, मुंबई. काळ्या घोड्याजवळचे ते जुने इंग्रजी दुकान. म्हणजे कोणी तरी, कधी तरी, रोख पैसे मोजून ते म्यान घेतले असणार. व्यापाऱ्यांना म्यानही हवे होते. आजींनी ते दिले नाही. त्याला परवाना लागत नाही, हे मी त्यांना आधीच सांगून बसलो होतो.